मासे येण्याआधीची टाकी

नव्या काचेच्या टाकीतले दोन-तीन मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की त्याचं स्पष्टीकरणही तयार असतं: घरावर येणारं संकट माशाने अंगावर घेतलं. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा म्हणणारे वास्तुवाले हे स्पष्टीकरण सल्ल्यासोबत फुकट देतात. दुकानदारालाही ते सोयीचं, कारण संकट घेऊन गेलेल्याच्या जागी दुसरा मासा आणावा लागतो. खरं तर ते संकट बहुतेक वेळा टाकीतच तयार झालेलं असतं आणि त्याचं नाव अमोनिया. पहाटे गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो, तोच.

टाकी भरल्यापासून मासे सोडेपर्यंत किती थांबायचं आणि मधल्या काळात करायचं काय, याची ‘एक रात्र पाणी ठेवा’पासून ‘दोन महिने हात लावू नका’पर्यंत सगळी उत्तरं बाजारात मिळतात. ती एकमेकांना छेद देतात, तरी त्यांतली बरीचशी आपापल्या ठिकाणी खरी असतात. घोळ होतो तो एका ठिकाणचं उत्तर दुसऱ्या ठिकाणच्या पाण्याला लावल्यामुळे. म्हणून हा आढावा मी एका गावाचं पाणी समोर ठेवून घेतो आहे. ते गाव राजुरी.

आळेफाट्यावरून नगरकडे निघालं की राजुरी लागते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडे, जो पाऊस कोसळतो तो इथवर पोचेपर्यंत विरळ होतो. कांदा, टोमॅटो आणि दुभती जनावरं हा इथला संसार. तो विहिरी, बोअर आणि कुकडी प्रकल्पाच्या पाण्याच्या भरवशावर चालतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे ही त्या प्रकल्पाची पाच धरणं. धरणाचं पाणी त्यातल्या त्यात मऊ. विहिरीचं आणि बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून आणि मुरमातून झिरपत येतं, येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि भरपूर बायकार्बोनेट घेऊन येतं. बंबाच्या आतून बसणारा पांढरा थर त्याचाच. अशा पाण्याचा पीएच साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान राहतो.

याचे दोन परिणाम होतात आणि ते नेमके उलट दिशांना जातात. टाकी तयार करणाऱ्या जीवाणूंना हे पाणी मानवतं. पण टाकी तयार होण्याआधी मासा सोडला, तर त्याला हेच पाणी सर्वांत महागात पडतं. मुंबई-पुण्याच्या धरणाच्या पाण्यावर तयार झालेले सल्ले राजुरीच्या बोअरला लागू पडत नाहीत ते यामुळे.

हे जरा फोडून सांगायला हवं. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून टाकतो. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं यांतूनही तोच निघतो. मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब असा की एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत एक ग्रॅम खाद्य पडलं की लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, त्याचा माशाला फारसा त्रास नाही. दुसरा मुक्त अमोनिया, तो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच मुक्त असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, साडेआठला पंधरा टक्क्यांच्या घरात. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की आणखी वाढतो. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅमपलीकडे गेला की माशाला त्रास सुरू होतो असं धरतात. म्हणजे तपासणीत ‘१’ हा आकडा आला, तर मऊ पाण्यातला मासा तो निभावून नेईल, बोअरच्या पाण्यातला मासा मात्र वर येऊन तोंड उघडझाप करू लागेल. आकडा एकच, पाणी वेगळं.

जुन्या टाकीत हा अमोनिया साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर एक बुळबुळीत थर बसलेला असतो आणि त्यातले जीव अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजन वाहू देत नाही आणि माशाचं रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत तो थर नसतो. तो बसवणं म्हणजेच हौशी लोकांच्या भाषेत टाकी ‘सायकल’ करणं.

हे ज्ञान कुठून आलं त्याची कथा मजेदार आहे, कारण ती एका बाप-लेकाची आहे. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली, सडकी पानं खायला गोगलगाई सोडल्या, आणि हे सगळं पाणी न बदलता टिकतं हे १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडलं. घरातल्या मत्स्यटाकीची आधुनिक हौस तिथून धरतात. वॉरिंग्टनचं सारं लक्ष ऑक्सिजन आणि कर्बवायूच्या देवघेवीवर होतं. अमोनियाचं काय होतं हा प्रश्न त्याच्या गावी नव्हता. पुढे त्याचाच मुलगा, नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच, रॉथमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात मातीवर काम करू लागला आणि अमोनियाचं नायट्रेट होणं हे एका टप्प्यात होत नाही, दोन टप्प्यांत होतं, हे त्याने दाखवलं. बापाच्या भांड्यात जे गुपचूप चाललं होतं ते लेकाला शेतात सापडलं.

त्याआधी १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी केलेला प्रयोग मला तर जगातली पहिली नोंदवलेली ‘सायकल’ वाटते. वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून ते सांडपाणी हळूहळू झिरपू देत होते. वीस दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. क्लोरोफॉर्म सोडल्यावर सगळं थांबलं. क्लोरोफॉर्म काढून बागेतल्या मातीचं गढूळ पाणी थोडंसं घातलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम सजीवांचं आहे, त्यांना वेळ लागतो, औषधाने ते मरतात आणि बाहेरून बी घातलं की लवकर येतात. दुकानात आज टाकी घेणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे. १८९० मध्ये विनोग्राद्स्कीने हे जीवाणू वेगळे काढले आणि नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

ती अजून तिथून उठलेली नाही, बाटल्यांच्या लेबलांवरूनही नाही. वास्तविक १९९० च्या दशकात टिमथी हॉवनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतले फिल्टर तपासले तेव्हा नायट्रोबॅक्टर सापडेना. नायट्राइट खाणारा जीवाणू निघाला नायट्रोस्पायरा. (हॉवनेक यांनी पुढे स्वतःचेच बाटलीबंद जीवाणू विकायला काढले, हेही ध्यानात ठेवावं.) २००५ मध्ये सिअॅटलच्या मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा आर्किया गटातला सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, हे जीवाणूंहून निराळंच कूळ. पुढे घरगुती टाक्यांच्या फिल्टरांतही त्याचे भाईबंद सापडले. २०१५ मध्ये तर दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करतात. त्यातल्या डच गटाला त्या सापडल्या मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच.

घरात टाकी ठेवणाऱ्याला याचं काय? एवढंच की ‘जीवाणू मिळाले’ असं म्हणून भागत नाही, योग्य ते मिळाले पाहिजेत. दुकानातल्या कित्येक बाटल्यांत बॅसिलससारखे जीवाणू असतात. ते गाळ खातात, पाणी स्वच्छ दिसतं, पण अमोनिया संपवण्याचं काम त्यांचं नव्हे. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक गोंधळ संभवतो. अॅझोटोबॅक्टर आणि रायझोबियमची पाकिटं त्याच्या ओळखीची असतात, आणि ‘नत्राचे जीवाणू’ म्हणून ती टाकीत ओतायचा मोह होऊ शकतो. ते जीवाणू हवेतला नत्र पकडतात. टाकीत नत्र आधीच जास्त झालेला असतो.

आता पद्धती. सर्वांत जुनी म्हणजे टाकी भरायची, रात्रभर पंप चालू ठेवायचा, सकाळी मासे सोडायचे. एका रात्रीत फार तर क्लोरीन उडतो. पाणी मुरतं ही समजूत मुळात त्या क्लोरीनपुरती खरी आहे. दुसरी पद्धत ‘चिवट’ मासे आधी सोडून त्यांच्या अमोनियावर टाकी तयार करण्याची. पुस्तकांत ती अजून सापडते, आणि मऊ, तटस्थ पाण्यात दोन-तीन लहान मासे, मोजकं खाद्य आणि एक दिवसाआड पाणी बदलणं एवढं पाळलं तर ती निभतेही. राजुरीच्या बोअरच्या पाण्यात ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण वर आलंच. त्यातही चिवट म्हणून दिला जातो तो सोनमासा, जो खातो जास्त आणि घाण करतो त्याहून जास्त.

तिसरी पद्धत माशांविना टाकी तयार करण्याची: अमोनिया आपणच घालायचा. त्यासाठी सर्वांत सोपा पदार्थ अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. १ लिटर पाण्यात ६ ग्रॅम विरघळवून ठेवावा आणि त्यातलं ५० मिलिलिटर पाणी ५० लिटरच्या टाकीत घालावं. लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असं नाही, त्यामुळे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून छोटी बाटली आणलेली बरी. गावात किलोच्या हिशेबाने नवसागर मागितला तर दुकानदार वेगळ्याच नजरेने बघेल. हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्यांत गुळाशेजारी त्याचंच नाव असतं.

मग प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पडून असलेला युरिया का नको? हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण युरियाचाही पाण्यात शेवटी अमोनियाच होतो. पण २०१५ पासून देशात शेतीसाठी येणारा युरिया सक्तीने निमकोटेड आहे. निंबोळी तेलाचा तो थर दिला जातो त्यामागे युरिया कारखान्यांकडे वळू नये हा हेतू आहे, तसाच जमिनीत अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा वेग कमी करणं हाही आहे. कांद्याला ते हिताचं, नत्र वाहून जात नाही. टाकीत मात्र ज्या जीवाणूंची वाट बघायची त्यांनाच दाबणारं औषध आपल्या हाताने घातल्यासारखं होतं. गोणीतला युरिया गोणीतच राहू द्यावा.

नवसागर घातल्यावर साधारण आठ-दहा दिवस काही घडत नाही. मग अमोनियाचा आकडा उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. तो बराच काळ वरच अडकून राहतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नायट्राइट खाणारे जीव मुळात सावकाश वाढतात. त्या काळात अमोनियाची मात्रा वाढवू नये. फार वाढवली तर काम उलट रेंगाळतं. तीन ते सहा आठवड्यांत एक दिवस असा येतो की आदल्या संध्याकाळी घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य आणि नायट्राइटही शून्य. टाकी तयार. त्यानंतर साचलेलं नायट्रेट काढायला बहुतेक पाणी बदलावं आणि लगेच मासे सोडावेत. रिकामी ठेवली तर जीवाणू उपाशी राहतात.

चौथी पद्धत सर्वांत चांगली आणि आपल्याकडे सर्वांत कमी वापरली जाणारी: विरजण. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे अशा ओळखीच्याकडून फिल्टरचा जुना, मळका स्पंज आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. दुधाच्या गावात हे वेगळं समजावून सांगायला नको. स्पंज टाकीच्याच पाण्यात, डब्यात, ओला आणायचा. झाकण घट्ट लावून दिवसभर गाडीत ठेवला तर आतला ऑक्सिजन संपतो. नुसतं जुन्या टाकीचं पाणी आणून उपयोग नाही, हे जीव पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागाला चिकटून असतात. स्पंज चांगला असेल तर सहा आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. जोखीम एकच, त्या टाकीतला रोगही सोबत येऊ शकतो. म्हणून दुकानातल्या टाकीतला स्पंज घेऊ नये. तिथे रोज नवे मासे येतात आणि बरेचदा औषधही चालू असतं.

पाचवी वाट वनस्पतींची, म्हणजे जुन्या वॉरिंग्टनचीच. पाणवनस्पती अमोनिया सरळ शोषून घेतात. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली आलेल्या पुस्तकात मातीवर लावलेल्या दाट झाडांच्या टाकीचा जो पुरस्कार केला त्याचा पाया हाच. जड पाण्यात सगळ्या वनस्पती तगत नाहीत, पण व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पाण्यातलं बायकार्बोनेटच कर्बासाठी वापरू शकतात, म्हणजे बोअरचं पाणी त्यांना पथ्यावर पडतं. हायड्रिला तर कालव्या-तळ्यांत सहज मिळते. फक्त टोमॅटोच्या फडाशेजारच्या चारीतून आणू नये. फवारणीतल्या काही कीटकनाशकांचा, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातल्यांचा, अगदी सूक्ष्म अंशही माशांना मारतो. आणलेल्या वनस्पती तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्यात. जळवा आणि चतुराच्या अळ्या बाहेर राहतात. ती बादली टाकीसाठीच राखून ठेवलेली हवी. फवारणीच्या पंपाला लागलेली बादली कितीही विसळली तरी नको.

माझा कौल विचाराल तर विरजण आणि वनस्पती एकत्र, आणि खात्री करायला नवसागराची एक मात्रा. नुसत्या बाटलीच्या जोरावर मासे सोडू नयेत. बाटली चांगली असली तरी ती दुकानाच्या उन्हातल्या शेल्फवर किती महिने होती हे लेबल सांगत नाही.

पद्धत कुठलीही असो, ती पाण्यावाचून चालत नाही, आणि राजुरीसारख्या गावात घरात येणारं पाणी एकाच प्रकारचं नसतं. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो, आणि तो रोज सारखा नसतो. ज्या दिवशी ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग गडद येतो त्या दिवशीचं पाणी थेट टाकीत घातलं, तर महिनाभर वाढवलेले जीवाणू एका बादलीने जातात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा हा आपल्यासाठी नियम आहे, टाकीसाठी शून्य. पसरट भांड्यात, पंप लावून, एक दिवस ठेवलेलं पाणी चालतं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात तेच ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतं. स्पंज कधीच नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा, हेही यातूनच आलं.

दुसरं पाणी आरओच्या जारचं. पिण्याला चांगलं ते माशांना चांगलं असा सरळ हिशेब करून पुष्कळजण टाकी जारच्या पाण्याने भरतात. इथे रसायनशास्त्र आडवं येतं. अमोनियातला १ मिलिग्रॅम नत्र नायट्रेटपर्यंत नेताना जीवाणू पाण्यातली ७ मिलिग्रॅमहून जास्त क्षारता खर्चतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्षारता असेल तर ती पुरून उरते. जारच्या पाण्यात २० असेल, तर दोन मात्रांत संपते, पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली गेला की जीवाणू सुस्तावतात, आणि महिना होऊनही अमोनिया उतरत का नाही म्हणून माणूस आणखी एक बाटली आणतो. इतरत्र ज्याचा जाच होतो तो बोअरचा क्षार इथे भांडवल आहे. फारच जड पाणी असेल तर चौथा हिस्सा जारचं मिसळावं, त्याहून जास्त नको.

तिसरी गोष्ट नायट्रेटची, आणि ती जरा अवघड आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपलीकडे निघालं आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांत होता. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. बागायती पट्ट्यातल्या विहिरीत खतांचा आणि गोठ्यांचा नत्र उतरतो हे शेतकऱ्याला माहीत आहे. टाकीतलं नायट्रेट कमी करायला पाणी बदला, हा सल्ला मग लंगडा पडतो, कारण बदलीचं पाणीच भरलेलं असतं. म्हणून टाकी भरण्याआधी मूळ पाणी तपासावं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचं जे किट देऊन शिकवलं गेलं, त्यात नायट्रेट, क्लोरीन, जडपणा आणि क्षारता यांच्या चाचण्या असतात. टाकीला लागणारी निम्मी माहिती अशी गावातच मिळू शकते. अमोनिया आणि नायट्राइटसाठी थेंबांचं किट वेगळं घ्यावं लागतं. ते माशांपेक्षा महाग पडतं, आणि म्हणूनच कुणी घेत नाही. दोघा-तिघांत मिळून एक घेतलं तरी चालतं.

सामानाबद्दल थोडक्यात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावतं. याहून लहान घेऊ नये, कारण कमी पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते. टेबल भक्कम हवं, टाकीखाली थर्मोकोल हवा. तळाला वाळू किंवा गोल खडी. क्रशरची कच धारदार असते आणि धुता धुता दिवस जातो. खडीत चुनखडीचे खडे असले तर त्यावर लिंबू पिळल्यावर फेस येतो. असे खडे इथल्या पाण्यात आणखी क्षार सोडतील, ते निवडून काढावेत.

फिल्टरच्या बाबतीत मात्र गावचा विचार वेगळा हवा. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा झाल्यापासून घरातली वीज पूर्वीपेक्षा टिकते, तरी वादळी पावसात चार-सहा तास जातेच. बंद डब्याचा फिल्टर अशा वेळी आतल्या आत ऑक्सिजन संपवून बसतो आणि वीज आल्यावर मेलेल्या जीवाणूंची घाण टाकीत ओततो. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज टाकीतच उघडा असतो, तो तग धरतो. तो दिसायला ओबडधोबड आहे, कमी पैशात मिळतो, आणि इन्व्हर्टरवर त्याचा पंप रात्रभर चालतो. शहरातली मंडळी काहीही म्हणोत, या तालुक्यात मी तोच लावीन.

थंडीचंही गणित आहे. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर-आंबेगावकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. द्राक्षवाले त्याची धास्ती घेतात. घरातली टाकीही अठरा-एकोणीस अंशांवर येते आणि जीवाणूंचा वेग निम्म्यावर. दिवाळीनंतर सुरू केलेली टाकी संक्रांतीपर्यंत तयार होत नाही त्याचं कारण बहुधा हेच. लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर लावून पाणी २७-२८ अंशांवर ठेवावं. मासे नसताना थोडं जास्त तापलं तरी बिघडत नाही. आणि नव्या टाकीसोबत दुकानदार जी निळ्या औषधाची बाटली देतो, ती या काळात फोडू नये. मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं तसं आपल्या जीवाणूंवरही चालतं.

टाकी तयार झाल्यावर मासे कोणते, हाही प्रश्न पाण्यानेच सोडवलेला आहे. निऑन आणि कार्डिनल टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. बोअरच्या पाण्यात ते दिवस काढतात, जगत नाहीत. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणी हवंच असतं. गप्पी तर प्रत्येक गावाला ठाऊक: डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य केंद्रवाले हौदात सोडतात तेच. मग कुणी विचारतं, हौदात ना फिल्टर ना सायकल, तरी ते वाढतात कसे? हौदात हजार लिटर पाण्याला मूठभर मासे असतात, भिंतींवर शेवाळाचा जाड थर असतो, आणि वरून कुणी दिवसातून तीनदा खाद्य टाकत नाही. ती वर्षानुवर्षं तयार झालेलीच टाकी आहे. त्या हौदाच्या भिंतीचं शेवाळ खरवडून नव्या टाकीत घातलं तर बी म्हणून ते चालेल, फक्त हौदात नुकतीच टीसीएल पडलेली नसावी.

पहिल्या खेपेला चार-पाच गप्पी पुरेत, आणि आठवडाभर रोज अमोनिया तपासावा. दोन माद्या असल्या तरी दोन-तीन महिन्यांत टाकीत दाटी होते. जास्त झालेले मासे ओढ्यात किंवा कालव्यात सोडायचे नाहीत. गप्पी इथला नाही, दक्षिण अमेरिकेकडून आलेला आहे, आणि कुकडी-घोडच्या पाण्यात आधीच राहणाऱ्या लहान माशांचं अन्न आणि अंडी तो खातो. हौदवाल्या आरोग्य केंद्राला विचारावं, ते बहुधा घेतील.